दुसरी वेलांटी

अलाझेया नदीकाठच्या शाळेत
भूगोलाचा तास गोटीने सुरू होतो.
मात्र्योना स्पिरिदोनोव्ना बाई
हिरवी काचेची गोटी खिडकीखाली फरशीवर ठेवतात,
बोट काढून घेतात.
गोटी फळ्याकडे निघते.
सातवीची नऊ मुलं मोठ्याने मोजतात.
मागच्या सप्टेंबरात अकरापर्यंत पोचली होती,
यंदा आठातच भिंत.
बाई फळ्यावर लिहितात : आठ.
मग म्हणतात, वह्या काढा.

शाळा खांबांवर, खांब मातीत,
आणि माती, पान चौतीस,
चिरंतन गोठलेली.
शेजारी मॅमथचं चित्र.
त्याला मागच्या कुणीतरी चश्मा काढलेला.

माझ्या भाषेत चिर म्हणजे कायमचं
आणि चीर म्हणजे भेग.
पहिली की दुसरी, एका वेलांटीपायी
आम्ही शुद्धलेखनाला छड्या खाल्ल्या.
इथे या याकूत मुलांच्या वर्गात
खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट आढ्यापर्यंत
दुसरी वेलांटी ओढलेली आहे भिंतीवर.
हिवाळ्याआधी बाई तिच्यात शेवाळ कोंबतात.

मग सगळे बाहेर.
लोखंडी सळई, तिच्यावर दोन पोरांचा भार.
मऊ, मऊ, अजून मऊ,
मग ठक्क.
तिथे बर्फ.
साइनाचा भाऊ सातवीत होता तेव्हा
त्याने सळईला बांधलेला तांबडा दोरा
अजून तिथेच आहे, अठ्ठावन्नवर.
साइना आपला बांधते.
दोन दोऱ्यांमध्ये तिचा अख्खा हात मावतो.
"ती बुटकी आहे म्हणून," मागून कुणी म्हणतं.
"सळई कुणाची उंची विचारत नाही," बाई म्हणतात,
"आकडा सांग."
एकशे चार.

केस्किल सांगतो, आमच्या तळघरात पाणी आलं.
घोड्याचं मांस मावशीच्या फ्रीजमध्ये हलवलं.
प्यायला तळ्यातून कापून आणलेले बर्फाचे ठोकळे
जुलैतच साबणाच्या वड्यांएवढे झाले.
जरा थांबून विचारतो,
आणि टेकडीवरची थडगी?
बाई सळई पुसत राहतात.
पुसून झालेली सळई पुन्हा पुसतात.
"पुढच्या तासाला."

पुढच्या तासाला चाचणी.
व्याख्या लिहा.
पुस्तकी उत्तर :
सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ
शून्याच्या खाली राहिलेली जमीन.
"दोनच वर्षं?" केस्किल बाकावरून उठतो,
"चिरंतन म्हणजे दोन वर्षं?"
वर्ग हसतो, बाईही हसतात,
तोंडावर खडूचा हात ठेवून,
ओठांवर पांढरं उमटतं.
केस्किल व्याख्या बरोबर उतरवतो
आणि शेवटी, कंसाबिंसाच्या भानगडीत न पडता,
दोन शब्द आपले जोडतो :
अजून तरी.
तपासायला वह्या जिल्ह्याला जातात.
तिथल्या साहेबांनी अर्धा गुण कापला.
बाईंनी निकालपत्रावर तो परत दिला, लाल शाईने,
सही लांबलचक, पूर्ण नावाची.

काल गोटी हरवली.
भिंतीपर्यंत पोचलीच नाही.
दोन फळ्यांमध्ये बोटभर फट पडली होती,
मेमध्ये नव्हती,
तिच्यातून खाली गेली.
नऊ मुलं जमिनीला कान लावून आडवी,
बाईसुद्धा, गुडघे दुखत असताना, झगा सावरत.
शाळेखाली खांबांच्या अंधारात
नेहमी काही पडलं की टक्क वाजायचं,
पेन्सिल, नाणं, एकदा कुणाचा दुधाचा दात.

डुबुक.

कुणी बोललं नाही.
मग साइना उठली, फळ्यापाशी गेली,
आठाच्या खाली कुठला आकडा लिहायचा
हे विचारायला मागे वळली.
बाई अजून खालीच होत्या.